पापणी पडते आहे आणि डॉक्टर बर्फ मागताहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोळ्यांची डॉक्टर. ठाण्यात नौपाड्याला बसते, आठवड्यातून एक संध्याकाळ वाशीला. पापणी पडते म्हणून येणारा माणूस बरेचदा एमआरआयची फाइल काखेत मारूनच येतो. मी ती बाजूला ठेवून टॉर्च, मोजपट्टी आणि बर्फ काढला की त्याचा चेहरा उतरतो. ‘एवढंच?’ असं तो म्हणत नाही, पण ऐकू येतं. बर्फ असतो तो मायस्थेनिया ग्रेव्हिस हा नस आणि स्नायू यांच्या जोडावरचा आजार ओळखायला. त्या ‘एवढंच?’चं आणि मला सतत विचारल्या जाणाऱ्या इतर प्रश्नांचं उत्तर इथे लिहून ठेवते आहे. हे वाचून स्वतःचं निदान करू नका. तुमच्या डॉक्टरांना हकीकत नीट सांगता आली तरी पुष्कळ झालं.

पापणी खरंच पडली आहे हे कसं ओळखायचं? मला तर लहानपणापासून सगळे ‘झोपाळू’ म्हणतात.

सरळ समोर बघताना वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेवर एक-दोन मिलिमीटर येते. तेवढी सगळ्यांचीच येते. मी समोरून टॉर्च धरते तेव्हा बाहुलीवर उजेडाचा एक ठिपका चमकतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण ४ ते ५ मिलिमीटर अंतर असतं. ते २ वर आलं, किंवा दोन डोळ्यांत २ मिलिमीटरचा फरक पडला, तर पापणी पडली आहे असं आम्ही धरतो.

मग मी अंगठ्याने भुवई दाबून धरते आणि सांगते, खाली बघा, आता वर बघा. भुवई धरायची कारण पापणी उचलेनाशी झाली की माणूस नकळत कपाळाने ती वर ओढायला लागतो. कपाळाला कायमच्या आठ्या पडतात, हनुवटी वर जाते. ‘हे हल्ली सारखे चिडलेले दिसतात’ म्हणून बायको तक्रार करते, आणि नवरा बिचारा फक्त डोळे उघडे ठेवायची खटपट करत असतो. भुवई धरल्यावर कपाळाची मदत बंद होते आणि पापणीच्या स्नायूचा खरा दम कळतो. पापणीची कड खालून वर १२ मिलिमीटरहून जास्त सरकली तर स्नायू ठीक आहे. ४ च्या आत अडखळली तर तो फारच अशक्त आहे.

‘नस आणि स्नायू यांच्या जोडावरचा आजार’ म्हणजे नेमकं काय बिघडतं?

संध्याकाळी ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उभे राहा, सगळं समजेल. नसेच्या टोकाकडून असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. ते म्हणजे जिना उतरून येणारे प्रवासी. स्नायूवर त्यांच्यासाठी दरवाजे असतात. पुरेसे लोक आत चढले की गाडी सुटते, म्हणजे स्नायू आखडतो. फलाटावर रेंगाळणाऱ्यांना हुसकायला एक पोलीस असतो, म्हणजे असिटिलकोलीन मोडून टाकणारं एन्झाइम. हा पोलीस गरजेचाच आहे, नाहीतर स्नायू सैल पडायलाच तयार होणार नाही.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात आपल्याच शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी बरेचसे दरवाजे अडवतात आणि मोडूनही टाकतात. सुरुवातीच्या गाड्या कशाबशा भरतात. पण काम चालू राहिलं की दर खेपेला जिना उतरणारे कमी होत जातात, दरवाजे आधीच कमी, आणि मग गाडी सुटतच नाही. म्हणून या आजारात अशक्तपणा वापरण्याने वाढतो आणि विश्रांतीने कमी होतो. वरची पापणी उचलणारा स्नायू आपण जागे असेपर्यंत सुट्टी न घेता काम करतो, त्यामुळे बोंब बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिली तक्रार डोळ्यांचीच असते, पापणी पडणे नाहीतर एकाचे दोन दिसणे.

मग बर्फाने काय होतं?

थंडीत तो पोलीस सुस्तावतो. एन्झाइमचं काम मंदावलं की असिटिलकोलीन फलाटावर जास्त वेळ टिकतं, आणि जे दरवाजे शाबूत आहेत त्यांतून आत जायला त्याला वेळ मिळतो. पापणीचा स्नायू कातडीच्या अगदी जवळ असल्याने तो लवकर गार होतो. मांडीच्या स्नायूवर हा खेळ जमत नाही.

मी ती चाचणी कशी करते ते सांगते. आधी पापणी मोजते आणि रुग्णाच्याच मोबाइलवर फोटो काढते. मग हातमोज्यात बर्फाचे चार-पाच खडे भरून गाठ मारते, त्यावर पातळ रुमाल गुंडाळते आणि मिटलेल्या डोळ्यावर अलगद ठेवते. लसींच्या डब्यातला गोठवलेला पॅक मी वापरत नाही. तो फार गार आणि टणक असतो, डोळ्यावर भार येतो. घड्याळ लावून २ मिनिटं. त्याहून जास्त ठेवून फायदा नाही, उलट फार गारठ्याने स्नायूची ताकदच घटते. बर्फ काढला, पाणी टिपलं, डोळे उघडले की लगेच, अगदी पहिल्या दहा सेकंदांत, परत मोजायचं आणि फोटो काढायचा. पापणी २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वर आली तर चाचणी होकारार्थी. मिनिटभरात ती पुन्हा खाली यायला लागते. दोन मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटत असेल. पण खिडकीचा पडदा उघडावा तसा तो फरक दिसतो. एकदा तर बाजूला उभा असलेला मुलगाच माझ्याआधी ओरडला, ‘आई, तुझा डोळा!’

एकाचे दोन दिसत असतील तर डोळा फिरवणाऱ्या स्नायूंपर्यंत थंडी पोचायला जास्त वेळ लागतो. तेव्हा ५ मिनिटं ठेवतात, पण तो निकाल इतका स्पष्ट नसतो.

हे घरी करून बघू का?

बघायला हरकत नाही, पण निकाल स्वतः लावू नका. फ्रिजमधला स्वच्छ बर्फ, मध्ये रुमाल, दोन मिनिटं. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर अजिबात नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, नजर सरळ कॅमेऱ्यात ठेवून काढा. हनुवटी वर केलेला फोटो उपयोगाचा नाही.

पण पापणी आजच अचानक पडली असेल तर बर्फाच्या नादी लागू नका. त्याचं कारण बाहुलीच्या प्रश्नात आहे, ते आधी वाचा.

बर्फाने काहीच फरक पडला नाही. म्हणजे मायस्थेनिया नाही ना?

असं म्हणता येत नाही. पापणी पूर्ण मिटलेली असेल तर बर्फ बरेचदा हरतो. चाचणी सकाळी केली आणि तेव्हा पापणी पडलेलीच नव्हती, तर मोजायचं काय? उलट, पापणी ठळकपणे उचलली गेली तर ती खूण बरीच विश्वासाची. चाचणीच्या होकाराला वजन जास्त, नकाराला कमी, एवढं लक्षात ठेवा.

नुसतं डोळे मिटून पडलं तरी पापणी सुधारते असं ऐकलं. मग बर्फ कशाला?

बरोबर ऐकलंत. त्याची वेगळी चाचणीच आहे. अंधाऱ्या शांत खोलीत अर्धा तास डोळे मिटून पडायचं आणि उठल्या उठल्या मोजायचं. सुधारणा दोन ते पाच मिनिटं टिकते. बर्फाच्या दोन मिनिटांतही डोळा मिटलेलाच असतो, त्यामुळे गुण थंडीचा किती आणि विश्रांतीचा किती हा वाद डॉक्टरांत जुना आहे. मी कधीकधी आधी नुसता रुमाल दोन मिनिटं ठेवून बघते, मग बर्फ. अर्ध्या तासाच्या चाचणीची अडचण वैद्यकीय नाही. बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना शांत अंधारी खोली आणायची कुठून?

डॉक्टरांनी मला नुसतं छताकडे बघत बसवलं. ही कसली तपासणी?

फार चांगली, आणि फुकटची. मान न हलवता माझ्या बोटाकडे वर बघत राहायचं, एक ते दोन मिनिटं, पापण्या शक्यतो न मिटता. मायस्थेनिया असेल तर पापणी हळूहळू उतरत जाते, शिफ्ट संपत आलेल्या वॉचमनसारखी.

याच बैठकीत मी आणखी तीन गोष्टी उरकते. पहिली, जास्त पडलेली पापणी बोटाने उचलून धरते आणि दुसरीकडे बघते. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून आदेश सारखाच जातो. एकीला हाताचा आधार मिळाला की मेंदू जोर कमी करतो आणि दुसरी, जी आतापर्यंत बरी दिसत होती, ती खाली येते. ‘माझा एकच डोळा खराब आहे’ म्हणणाऱ्यांना मी हे आरशात दाखवते.

दुसरी, दहा-पंधरा सेकंद खाली बघायला लावून झटकन समोर बघा म्हणते. पापणी जरा जास्तच वर उसळते आणि थरथरून खाली बसते. ही खूण कोगन या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी १९६५ मध्ये नोंदवली, आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. ती क्षणात येते आणि जाते, त्यामुळे मी मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ घेते.

तिसरी, हलकेच डोळे मिटून ठेवायला सांगते. अर्ध्या मिनिटात पापण्यांच्या फटीतून पांढरं डोकावायला लागलं, तर डोळा मिटणारा स्नायूही थकतो आहे. हे महत्त्वाचं अशासाठी की पापणी उचलणारा स्नायू आणि मिटणारा स्नायू यांच्या नसा वेगळ्या आहेत. एकाच नसेच्या दुखण्यात दोन्ही एकदम अशक्त होत नाहीत. दोन्ही अशक्त असतील तर बिघाड स्नायूंत नाहीतर जोडावर शोधायचा.

एवढं सगळं सोडून आधी बाहुलीवरच टॉर्च का मारतात?

कारण जिवाचा प्रश्न तिथे असतो. माझ्या मते या पानावरचं हे सगळ्यात कामाचं उत्तर आहे.

मायस्थेनियात बाहुली कधीच बिघडत नाही. पापणी पडली आहे आणि त्याच बाजूची बाहुली मोठी आहे, उजेडाला आकसत नाही, डोळा बाहेर आणि खाली वळला आहे, सोबत डोकं ठणकतं आहे, तर मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसऱ्या नसेवर, म्हणजे पापणी उचलणाऱ्या आणि डोळा फिरवणाऱ्या नसेवर, दाबत असू शकतो. तो फुटायच्या आत गाठायचा असतो. तेव्हा बर्फ नाही, अपॉइंटमेंट नाही, ‘सोमवारी दाखवू’ नाही. न्यूरोसर्जन आणि सीटी अँजिओग्राफीची (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनची) सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला जायचं. घोडबंदर रोड तुंबला असेल तर दोन सिग्नल पुढच्या ओळखीच्या दवाखान्यात वेळ घालवू नका.

उलट बाहुली लहान असेल आणि पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर पडली असेल तर बाहुली फुलवणाऱ्या सिंपथेटिक नसेचा मार्ग तपासावा लागतो. खोलीतले दिवे मालवले की दोन बाहुल्यांमधला फरक आणखी उठून दिसतो, कारण दुखऱ्या बाजूची बाहुली अंधारात फुलत नाही. सोबत मानेत एका बाजूला नव्याने दुखत असेल तर मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली असू शकते, तीही तातडीचीच बाब. तंबाखू-विडीवाल्यांत आम्ही फुप्फुसाच्या शेंड्याचा एक्स-रेही बघतो.

मधुमेह असणाऱ्यांत तिसरी नस रक्तपुरवठ्याअभावी कमजोर होते तेव्हा बाहुली सहसा वाचलेली असते आणि साधारण तीन महिन्यांत पापणी परत येते. पण ‘सहसा’वर विसंबून घरी बसायचं नसतं.

सकाळी डोळा छान असतो, संध्याकाळी मिटतो. डॉक्टरांना दाखवायला जावं तर सगळं ठीक!

यात चूक बरेचदा डॉक्टरांची असते, आणि माझीही झाली आहे. कोपरखैरण्याच्या एक काकू, घरी शिकवण्या घेणाऱ्या. त्यांना मी तीन वेळा सकाळी साडेनऊची वेळ दिली, तीनही वेळा पापण्या सरळ, आणि मी ‘थकवा असेल, झोप नीट घ्या’ म्हणून पाठवून दिलं. चौथ्यांदा त्या वेळ न घेता रात्री आठला आल्या. डावा डोळा अर्धा मिटलेला, आवाज नाकातून येत होता. ‘शेवटच्या बॅचला फळ्यावरचं मलाच वाचता येत नाही,’ म्हणाल्या. तेव्हापासून पापणीच्या पेशंटला मी सकाळची वेळ देत नाही.

दिवसभरात होणारा हा बदल म्हणजे निम्मं निदान. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि रात्री झोपण्याआधी असे चार दिवस फोटो काढून आणा.

चेहऱ्याचा लकवा आणि हे एकच का?

नाही. चेहऱ्याच्या लकव्यात डोळा मिटत नाही, इथे तो उघडत नाही.

माझी डाव्या डोळ्याची पापणी सारखी लवते. हाच आजार असेल का?

बहुधा नाही. खालच्या पापणीत फडफड होणं हे जागरण, चहा आणि मोबाइल यांचं काम, आणि काही दिवसांत ते आपोआप थांबतं. डावा लवला तर काय आणि उजवा लवला तर काय, ते आजीला विचारा. दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटले जात असतील, उन्हात किंवा टीव्हीसमोर ते उघडताच येत नसतील, तर ते वेगळं दुखणं आहे. त्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, आणि गंमत म्हणजे ते औषधही नस-स्नायूच्या जोडावरच काम करतं. थोडं इकडेतिकडे पसरलं तर पापणी काही आठवडे पडतेसुद्धा.

दोन्ही पापण्या वर्षानुवर्षं पडत चालल्यात. आईच्याही तशाच होत्या.

आता स्नायूंच्या आनुवंशिक आजारांकडे वळायचं. पापण्या दोन्ही बाजूंनी सारख्या, हळूहळू, सकाळ-संध्याकाळ फरक नाही, डोळे कोणत्याच दिशेला फारसे फिरत नाहीत आणि तरीही एकाचे दोन दिसत नाहीत, असं असेल तर पेशींच्या मायटोकाँड्रियातला, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागातला, दोष मनात येतो. यातल्या एका प्रकारात हृदयाची विद्युतवाहिनी अडते, म्हणून पापणीसाठी आलेल्या तरुण मुलाला मी ईसीजी काढायला सांगते तेव्हा घरचे चक्रावतात. पन्नाशीच्या आसपास पापण्यांसोबत घास अडकायला लागला तर वेगळा प्रकार.

एक तपासणी मला मनापासून आवडते: हस्तांदोलन. घट्ट हात मिळवा आणि पटकन सोडा. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात बोटं सुटायलाच वेळ लागतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर छोट्या हातोडीने टिचकी मारली की अंगठा आत ओढला जातो आणि सावकाश परततो. कपाळावर लवकर पडलेलं टक्कल, चाळिशीच्या आत मोतीबिंदू, निमुळता चेहरा हे सोबत असतं. थंडीत यांची पकड आणखी जखडते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पापणी पडली. मज्जातंतूंचं काही?

बहुधा नाही. स्नायूला पापणीशी जोडणारा पातळ पडदा सैल होतो, तसाच वयाने आणि वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यानेही होतो. पापणीवरची घडी नेहमीपेक्षा वर सरकलेली दिसते आणि स्नायूची ताकद शाबूत असते. खाली बघून पुस्तक वाचताना पापणी जास्तच आड येते. टाके घालून दुरुस्त होतं.

लहान मुलाची पापणी जन्मापासून पडलेली असेल तर मात्र ‘मोठा झाला की बघू’ म्हणू नका. बाहुली झाकली गेली तर तो डोळा बघायला शिकतच नाही.

इंजेक्शन देऊन करायची चाचणी कोणती?

तिची कथा सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्ये लंडनमध्ये ग्रीनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर होत्या. मायस्थेनियाचा अशक्तपणा क्युरारे या विषाच्या बाधेसारखा दिसतो, आणि त्या विषावर फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, मग तोच इथे देऊन बघू, असा त्यांचा सरळ विचार. दिला, आणि रुग्णाची पडलेली पापणी उचलली गेली. त्या काळी आजाराचं कारण कोणालाच माहीत नव्हतं. अँटिबॉडीचं कोडं सुटायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

नंतर एड्रोफोनियम आलं, टेन्सिलॉन या नावाने ओळखलं जाणारं. एका मिनिटात परिणाम, पाचेक मिनिटांत ओसरतो. पण नाडी एकदम मंदावू शकते. अमेरिकेत २०१८ मध्ये ते बंद झालं. आपल्याकडे निओस्टिग्मिन वापरतात, स्नायूत इंजेक्शन, सोबत दुष्परिणाम आवरायला अ‍ॅट्रोपिन. पंधरा-वीस मिनिटांनी परिणाम दिसायला लागतो. पोटात कळ, लाळ, घाम हे होऊ शकतं. दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर आधी सांगा. ही चाचणी मॉनिटर असलेल्या ठिकाणीच करायची. दवाखान्यातल्या खुर्चीवर कोणी ‘एक इंजेक्शन देऊन बघू’ म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा.

बर्फाने उत्तर मिळालं तर रक्त आणि ईएमजी (स्नायूंतली वीज मोजणारी तपासणी) कशाला?

औषधं वर्षानुवर्षं चालणार आहेत, म्हणून पुरावा पक्का हवा. असिटिलकोलीनच्या दरवाजांविरुद्धची अँटिबॉडी सर्व अंगात पसरलेल्या आजारात साधारण ८५ टक्के रुग्णांत सापडते, पण फक्त डोळ्यांपुरत्या आजारात निम्म्यांतच. म्हणजे रक्त नकारार्थी आलं आणि बर्फ होकारार्थी, तर मी बर्फाचं ऐकते आणि पुढच्या तपासण्या करते. नसेला सेकंदाला दोन-तीनदा हलके झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरतो का ते बघतात. सगळ्यात संवेदनशील तपासणी एकेका स्नायुतंतूची ईएमजी, पण ती करणारे हात थोडे. छातीचा सीटी स्कॅन छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीसाठी असतो. दहा-पंधरा टक्के रुग्णांत तिथे गाठ निघते. ‘डोळ्याला छातीचा सीटी?’ या प्रश्नाचं उत्तर हे.

एका श्वासात आकडे मोजायला का लावतात?

पापणीवरून लक्ष श्वासाकडे नेण्यासाठी. डोळ्यांपासून सुरू झालेला आजार अनेकांत पहिल्या दोन वर्षांत घशाकडे, मानेकडे, छातीकडे सरकतो. खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने मोजायचं. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास पोचतो. वीसच्या आत दम संपला तर काळजी. पुस्तकातले आकडे इंग्रजी मोजणीचे, हे मात्र ध्यानात ठेवा. आपल्या एकोणतीस-एकोणचाळीसला जीभ जास्त वळवावी लागते. म्हणून मी आकड्यापेक्षा तुमच्या कालच्या आकड्याशी तुलना करते. काल पस्तीस आणि आज अठरा म्हणजे दवाखान्यात भरती. उशीवरून डोकं उचलता न येणं, पाणी नाकातून येणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, यांतलं काहीही असेल तर १०८ लावा.

मुरबाडहून फोन: ‘सकाळी उठल्यावर बाबांच्या पापण्या उघडत नाहीत, पोटात दुखतंय. तुमच्याकडे आणू?’

माझ्याकडे नको, लगेच सरकारी रुग्णालयात न्या. जिथे सापावरची लस असेल तिथे.

पावसाळ्यात, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री मण्यार चावते आणि कित्येकदा कळतही नाही. सूज नाही, वेदना नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते आणि पापण्या मिटायला लागतात. मण्यारीचं आणि नागाचं विष याच नस-स्नायूच्या जोडावर घाव घालतं, फक्त मण्यार नसेच्या टोकाकडून आणि नाग स्नायूच्या दरवाजाकडून. म्हणून निओस्टिग्मिनचा गुण नागाच्या दंशात येतो, मण्यारीच्या दंशात बहुधा येत नाही. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात सकाळी अचानक दोन्ही पापण्या पडलेला धडधाकट माणूस आला, तर साप नाकारल्याशिवाय दुसरा विचार करू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, साप पकडून आणायची गरज नसते.

इथे बर्फ नाही. दंशावर तर मुळीच लावायचा नाही. आणि डोळे मिटलेला, हातपाय न हलवणारा, बाहुल्याही स्थिर असलेला मण्यारीचा रुग्ण आतून पूर्ण शुद्धीत असू शकतो. श्वास चालू ठेवला तर तो उठून घरी जातो. त्याच्या खाटेशेजारी ‘आता काही खरं नाही’ असं बोलू नका, तो ऐकत असतो.

मायस्थेनिया म्हणजे म्हातारपणाचा आजार ना?

चाळिशीच्या आतल्या बायका आणि साठीच्या पुढचे पुरुष, असे दोन गट जास्त दिसतात. अमिताभ बच्चन यांना तो चाळिशीत झाला आणि त्यांनी ते स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. त्यानंतर त्यांनी किती काम केलं, ते मी सांगायला नको.

कोणती औषधं टाळायची? उन्हाचा त्रास होतो का?

उन्हाचा होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात, कढत पाण्याने आंघोळ केल्यावर पापणी जास्त पडते. बर्फाचीच उलटी बाजू ही.

औषधांत जेंटामायसिन-अमिकॅसिनसारखी इंजेक्शनं, सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम, रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी दिलेले बीटा ब्लॉकर. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, कारण डोळ्यात घातलेलं औषध रक्तात उतरतं. सर्दी-तापाला केमिस्टकडून ‘अ‍ॅझी’ची पट्टी घ्यायची आपली सवय इथे महागात पडते. आजाराचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दात काढायला गेलात तरी तो कागद दाखवा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं की न्यूरॉलॉजिस्टकडे?

सुरुवात कुठूनही करा, पण निदान झाल्यावर लगाम न्यूरॉलॉजिस्टच्या हातात द्यायचा. ठाणे-नवी मुंबईत ते आता बरेच आहेत, आणि परळचं केईएम लोकलने तासाभरावर आहे.

तपासायला येताना काय आणू?

चालू औषधांच्या पट्ट्या, चार दिवसांचे फोटो, असल्यास लग्नाचा अल्बम, आणि आधार कार्ड. त्यावरचा फोटो कितीही वाईट आला असला तरी तो सरळ कॅमेऱ्यात बघत काढलेला असतो, आणि त्या वर्षी तुमची पापणी कुठे होती ते त्यावरून मोजता येतं. दुपारी जेवल्यावर झोपू नका. संध्याकाळी साडेसहानंतर या, गाडी स्वतः चालवत येऊ नका. बर्फ माझ्याकडे आहे.